भूतदया आणि लस

दत्तात्रेयाच्या पायांशी चार श्वान असतात. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मराठी मुलांना लहानपणीच भेटतात. बंगळूरच्या सर्जापूर रस्त्यावरील मराठी बिऱ्हाडांतही हा संस्कार टिकून आहे. रात्री फाटकाबाहेर दूधपोळी ठेवणारे हात तेथे दिसतात, आणि त्याच फाटकातून मुलाला कडेवर घेऊन घाईने आत शिरणारी आईही. या दोघांचे भांडण, आमच्या मते, भलत्याच प्रश्नावर चालले आहे.

खरा प्रश्न अलर्क रोगाचा होय. त्याची लक्षणे एकदा प्रकट झाली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस टोचली, तर विषाणूची साखळी तुटते. गोव्यात हे घडले. गल्लोगल्ली फिरून, जाळ्यात धरून कुत्र्यांना लस टोचण्यात आली, आणि 2021 साली गोवा अलर्क-नियंत्रित प्रदेश म्हणून घोषित झाला. कुत्री मारून हे साधत नाही. उकिरडा तसाच राहतो आणि मेलेल्यांच्या जागी लस न टोचलेली नवी येतात.

नित्य पोळी घालणाऱ्या माणसाजवळ कुत्रे निर्धास्त येते, अनोळखी पथक दिसताच मात्र पळते. म्हणून पोळी घालणाऱ्यानेच लस टोचणाऱ्याच्या सोबतीस उभे राहावे व कोणाला कधी टोचली याची वही ठेवावी. आणि कुत्रा चावलाच, तर हळद-मिरची न लावता जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.