‘भाषा’ म्हणजे कोणती भाषा?

‘भाषा, मन, मेंदू आणि उत्क्रांती’ या विषयावरील संशोधनपर व्याख्याने आता विद्यापीठांतून नित्याची झाली आहेत. वक्ता मेंदूची रंगीत चित्रे दाखवतो, एखाद्या जनुकाचे नाव घेतो आणि साहित्याचे प्राध्यापक भारावून माना डोलावतात. आमचा आक्षेप विज्ञानाला नाही. एकाच व्याख्यानात ‘भाषा’ या संज्ञेचा अर्थ तीन-चारदा बदलतो आणि त्याची कोणी दखलही घेत नाही, याला आहे. २००२ साली हाउझर, चॉम्स्की आणि फिच यांनाही भाषाक्षमतेचा व्यापक आणि संकुचित अर्थ वेगळा करावा लागला होता. व्याख्यात्यांना ती तोशीस नको असते.

फॉक्सपी-२ या जनुकाचेच पाहा. लंडनमधील एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या व्यक्तींना वाचादोष होता. १९९० साली मिरना गोपनिक यांनी तो व्याकरणाचा दोष मानला आणि ‘व्याकरणाचे जनुक’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९९५ साली फरानेह वर्गा-खादेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या व्यक्तींना ओठ-जिभेच्या हालचालीही नीट साधत नव्हत्या. २००१ साली जनुक ओळखले गेले. ते उंदरांत आणि पक्ष्यांतही आहे. मानवात त्याची अलीकडच्या काळात नैसर्गिक निवड झाली, हा २००२ मधील दावा २०१८ च्या अधिक व्यापक तपासणीत टिकला नाही. विज्ञानाने स्वतःला दुरुस्त केले, हे त्याला भूषणावहच. व्यासपीठावर मात्र ओठांच्या हालचालीवरून वाक्यरचनेवर आणि तेथून थेट कवितेवर उडी घेतली जाते.

‘उत्क्रांती’ या शब्दाचा घोळ याहून मोठा. ‘तो पोथी वाचतो’, पण ‘त्याने पोथी वाचली’. दुसऱ्या वाक्यात क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या लिंगवचनानुसार चालते. ही रचना ‘तेन पुस्तकं पठितम्’ यासारख्या संस्कृत कर्मणी प्रयोगातून, प्राकृतांच्या वाटेने, मराठीत आली. बंगालीने तीच टाकून दिली. म्हणून बंगाली माणसाचा मेंदू निराळा झाला काय? भाषा आत्मसात करण्याची क्षमता जैविक आहे, हे मान्यच. पण त्या क्षमतेतून हा इतिहास निष्पन्न होत नाही, आणि साहित्य तर या इतिहासातच घडते.

पुढच्या व्याख्यानात मराठीच्या एखाद्या प्राध्यापकाने उठून हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि ‘वाचली’मधला ईकार कोणत्या जनुकातून आला, असे विचारावे. संयोजक नाराज होतील (ते होतातच), पण त्या विभागाचे वेतन आपण कशासाठी घेतो, याचा निदान त्या दिवशी तरी खुलासा होईल.