देणाऱ्याने किती द्यावे?

शेजारच्या घरून आलेले फराळाचे ताट रिकामे परत पाठवू नये, ही आपली रीत. ब्रॅम कोहेन या अमेरिकन गृहस्थांनी २००१ साली ‘बिटटॉरेंट’ची रचना केली, ती अगदी याच रीतीवर! एक मोठी फाइल एकाच ठिकाणाहून न आणता तिचे लहान तुकडे करायचे. ज्याच्याजवळ जो तुकडा असेल, तो त्याने दुसऱ्याला द्यायचा आणि आपल्याजवळ नसलेला घ्यायचा. जो देतो त्याला आधी मिळते. नवख्यालाही अधूनमधून एखादा तुकडा फुकट मिळतो, पण कायम हात आखडणारा मागेच राहतो. उबुंटूसारखी मुक्त प्रणाली अशीच उघडपणे वाटली जाते. मी उतरवून घेतो ते असलेच काही. चोरीच्या चित्रपटांना आमच्या घरी मज्जाव आहे.

मग सगळे दार सताड उघडून द्यावे काय? मुळीच नाही! आलेल्या मालाची पोच जावकीच्याच वाटेने परत जायची असते. ती वाट तुडुंब भरली की पोच अडकते आणि पोच मिळेना म्हणून पाठवणाराही थबकतो. देणे वाढवावे तर घेणेच मंदावते! शिवाय त्याच वेळी आमच्या सौभाग्यवती परदेशातल्या लेकीशी बोलत असतात. इकडचा आवाज तुटू लागतो आणि लेक तिकडून विचारते, “आई, ऐकू येतंय का गं?” आठवड्यातून एकदा होणारे ते बोलणे कुठल्याही फाइलीपेक्षा मोलाचे.

यावर उपाय सोपा आहे. आधी आपल्या जोडणीचा जावक वेग मोजून घ्या आणि सॉफ्टवेअरला त्याच्या सुमारे ८० टक्क्यांची मर्यादा घाला. वेग १० मेगाबिट असेल, तर आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने तो सेकंदाला सव्वा मेगाबाइट झाला. मर्यादा एक मेगाबाइट ठेवावी. एका वेळी दहा फायली लावू नयेत, दोन पुरेत. राउटरमध्ये त्या सॉफ्टवेअरचा पोर्ट उघडा, म्हणजे बाहेरच्याला आपले दार सापडते. आणि पूर्ण फाइल बाळगणारे, म्हणजे ‘सीडर’, जिथे जास्त, तीच प्रत निवडा.

एक मात्र विसरू नका. फाइल पूर्ण झाली की लगेच उठून जाऊ नये. सगळेच गेले, तर एखादा तुकडा कुणाजवळच उरत नाही आणि मागून आलेला बिचारा नव्व्याण्णव टक्क्यांवर तिष्ठत बसतो. निदान घेतले तेवढे परत जाईपर्यंत तरी थांबावे!