पढवलेलं मूल आणि त्याचा वकील

ताब्याच्या खटल्यात मुलाला स्वतःचा वकील हवा, ही मागणी या स्तंभात गेल्या आठवड्यात पुन्हा मांडली गेली आणि नेहमीप्रमाणे पत्रं आली. बहुतेक पत्रं वकिलांची होती आणि त्यांचा सूर एकच होता. न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावून विचारतातच, मग आणखी एक काळा कोट कशाला? आधीच तारखांवर तारखा पडतात, तिसरा वकील आला की आणखी पडतील. एका ज्येष्ठ वाचकाने तर लिहिलं आहे की मूल शेवटी तेच बोलतं जे त्याला घरी पढवलेलं असतं.

या स्तंभाला संताप येतो तो याच वाक्याचा. ते वाक्य बार रूममध्ये चहाबरोबर सहज बोललं जातं. पण एका सहा वर्षांच्या मुलाला त्याची काय किंमत मोजावी लागली हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या एका निकालात नोंदलेलं आहे.

प्रकरण पश्चिम बंगालमधलं. आईचा मृत्यू झालेला, त्या मृत्यूबद्दल वडिलांवरच फौजदारी खटला चालू, आणि मूल आजोळी. वडिलांनी ताबा मागितला. खालच्या न्यायालयाने मुलाला विचारलं, म्हणजे पत्रलेखकांच्या दृष्टीने जे व्हायला हवं ते झालं. मुलाने स्वच्छ सांगितलं की बाबांकडे जायचं नाही, आजी-आजोबांकडेच राहायचं आहे. न्यायालयाने ठरवलं की ते आजोळी वाढतंय म्हणून असं बोलतं, त्याला पढवलेलं आहे, आणि ताबा वडिलांना दिला. उच्च न्यायालयाने मुलाला न भेटताच तो आदेश कायम केला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींनी मुलाला पुन्हा चेंबरमध्ये बोलावलं. मूल त्यांना चांगलं समजूतदार वाटलं. त्याचं उत्तर जे आधी होतं तेच होतं. खालचे दोन्ही आदेश रद्द झाले, आणि वडिलांवर चालू असलेल्या फौजदारी खटल्याचा विचार आधीच व्हायला हवा होता असंही सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं.

निकाल मुलाच्या बाजूने लागला म्हणून या खटल्याचा दाखला कौतुकाने दिला जातो. पण मुलाचा नकार खालच्या कोर्टात एका शब्दात निकाली निघाला तेव्हा त्या शब्दाला हरकत घ्यायला मुलाच्या वतीने कोणी उभं नव्हतं. अपील केलं ते आजी-आजोबांनी, त्यांच्या नावाने आणि त्यांच्या खर्चाने. ते थकले असते किंवा त्यांच्याकडचे पैसे संपले असते तर त्या मुलाचं ‘नाही’ फायलीतच राहिलं असतं.

याच्या शेजारी इंग्लंडमधला 2017 चा एक निकाल ठेवावा. चौदा वर्षांचा मुलगा, निकालपत्रात नाव बदलून सॅम. त्याला वडिलांबरोबर एका स्कँडिनेव्हियन देशात राहायला जायचं होतं. अर्ज त्याच्याच नावाने होता, म्हणजे आई-वडिलांसारखाच तोही पक्षकार होता. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश पीटर जॅक्सन त्याला भेटले, पुरावा ऐकला आणि अर्ज फेटाळला. मुलावर वडिलांचा प्रभाव फार आहे, असंच त्यांचंही मत झालं. म्हणजे बंगालमधल्या न्यायाधीशांना जी शंका आली तीच यांनाही आली.

फरक पुढे आहे. जॅक्सन यांनी सगळा निकाल सॅमला लिहिलेल्या पत्राच्या रूपात दिला. आईबद्दल, वडिलांबद्दल, सावत्र वडिलांबद्दल आपलं काय मत झालं, सॅमचं म्हणणं प्रामाणिक असूनही ते का मान्य करता येत नाही, पुढे वडिलांना कसं आणि केव्हा भेटता येईल, हे सगळं चौदा वर्षांच्या मुलाला वाचून कळेल अशा भाषेत लिहिलेलं आहे. पक्षकाराचं म्हणणं नाकारायचं तर त्याला कारणं द्यावी लागतात, आणि ती त्याला पटली नाहीत तर त्याच्यासाठी वरच्या न्यायालयाचा रस्ता असतो. बंगालमधलं मूल जिंकलं आणि सॅम हरला, तरी दोघांपैकी न्यायालयाने ज्याला माणूस म्हणून वागवलं तो सॅम, असं या स्तंभाचं ठाम मत आहे.

मुलाचा वकील इंग्लंडमध्ये नेमकं काय करतो, हे पत्रलेखकांनी समजून घ्यावं. मराठी वाचकाला बॅरिस्टर म्हटलं की नाथ पै किंवा अंतुले आठवतात, संसद आणि सभा गाजवणारे. कौटुंबिक न्यायालयातल्या बॅरिस्टरचं काम अगदी वेगळं, आवाज न चढवता करायचं. मुलाला घरातून काढण्यासाठी स्थानिक परिषद न्यायालयात गेली, की 1989 च्या बालक कायद्याच्या कलम 41 प्रमाणे मुलासाठी गार्डियन नेमला जातो. हा अनुभवी समाजसेवक असतो. 2001 पासून इंग्लंडमध्ये हे काम कॅफकॅस ही सरकारी संस्था पाहते. गार्डियन सॉलिसिटर नेमतो, सॉलिसिटर बॅरिस्टरला उभं करतो, आणि मुलाचा खर्च उत्पन्न न तपासता सरकार देतं. बॅरिस्टरपुढे एरवी कमाल 350 पानांची कागदपत्रं येतात. पुष्कळदा त्याने मुलाला पाहिलेलंही नसतं, गार्डियनच्या भेटींच्या नोंदींवर त्याची भिस्त असते. सुनावणीत परिषद, आई आणि वडील यांच्यानंतर सहसा शेवटी तो उभा राहतो आणि परिषदेच्या समाजसेवकाचीही उलटतपासणी घेतो. मोठ्यांचे सगळे वकील बोलून झाल्यावर जे राहिलं ते विचारणं हे त्याचं काम.

सगळ्यात शहाणपणाची तरतूद वेगळीच आहे. मूल पुरेसं समजूतदार असेल आणि त्याचं गार्डियनशी पटत नसेल, तर सॉलिसिटर मुलाच्या सांगण्यावर चालतो आणि गार्डियनला दुसरा वकील शोधावा लागतो. मुलाचं हित कशात आहे हे एक जण सांगतो, मुलाला काय हवं आहे हे दुसरा सांगतो, आणि न्यायाधीश दोघांचं ऐकून ठरवतो. 2005 मध्ये 17, 15 आणि 13 वर्षांच्या तीन भावांना आई-वडिलांच्या वादात स्वतःचा वकील हवा होता. खालच्या न्यायालयाने नाकारला, अपील न्यायालयाने दिला. आपल्याकडे ही तिन्ही कामं एकट्या न्यायाधीशाने, दिवसभराच्या बोर्डातून वेळ काढून, चेंबरमधल्या एका भेटीत उरकायची असतात. विचारायचं त्यांनी, मुलाची बाजू मांडायची त्यांनी आणि ती तोलायचीही त्यांनीच. उत्तम न्यायाधीशालाही हे जमणारं नाही.

इंग्लंडला ही अक्कल आपोआप आली नाही. ब्रायटनची मारिया कोलवेल आत्याकडे सुखाने वाढत होती. 1971 मध्ये तिला आई आणि सावत्र वडिलांकडे परत पाठवलं गेलं. आईच्या अर्जाला परिषदेने विरोध केला नाही, त्यामुळे न्यायालयात दुसरी बाजू मांडायला कोणी उरलंच नाही. जानेवारी 1973 मध्ये सावत्र वडिलांच्या मारहाणीत ती गेली, वयाच्या सातव्या वर्षी. चौकशी झाली आणि 1975 च्या कायद्यात मुलाच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाची तरतूद आली. न्यायालयात ज्या मुद्द्यावर मोठ्यांचं एकमत होतं, तिथे मुलाला वकिलाची सगळ्यात जास्त गरज असते, हे मारियाच्या चौकशीतून शिकण्यासारखं आहे. परस्पर संमतीच्या घटस्फोटात मुलांच्या अटी दोन ओळींत उरकणाऱ्यांनी तर ते खास वाचावं.

तिथेही भोकं आहेतच. परिषद मध्ये नसेल, वाद फक्त आई-वडिलांचा असेल, तर बहुतेक मुलांना आजही स्वतःचा वकील मिळत नाही. मुलाला पक्षकार करणं न्यायालयाच्या मर्जीवर असतं. एप्रिल 2013 पासून कौटुंबिक छळाच्या पुराव्यासारखे अपवाद सोडले तर अशा वादांत आई-वडिलांचीही सरकारी मदत बंद झाली. 2014 मध्ये यॉर्कशरच्या पेनिस्टोन गावात 12 आणि 9 वर्षांचे दोन भाऊ न्यायालयाने ठरवून दिलेल्या भेटीला वडिलांकडे गेले आणि वडिलांनीच लावलेल्या आगीत गेले. त्यांच्या आईने त्यानंतर वर्षानुवर्षं लढा दिला. आई-वडील दोघांचा सहभाग मुलाच्या हिताचा असतो हे गृहीतक 2014 मध्येच तिथल्या कायद्यात घातलं गेलं होतं. ते काढून टाकण्याची घोषणा सरकारने 2025 मध्ये केली.

मुलांइतकीच काळजी दुबळ्या स्थितीतल्या मोठ्या पक्षकारांची घ्यावी लागते. एखाद्या आईला बौद्धिक अपंगत्व असेल तर इंग्लंडमध्ये सुनावणीआधी वेगळी बैठक होते. प्रश्न किती लांब असावेत, मध्ये किती वेळा थांबायचं, प्रश्न सोपा करून सांगायला मध्यस्थ हवा का, हे तिथे ठरतं. 2021 च्या कौटुंबिक छळविरोधी कायद्यानंतर आरोप असलेल्या नवऱ्याला बायकोची उलटतपासणी स्वतः घेता येत नाही, गरज पडल्यास न्यायालय त्यासाठी वकील नेमतं. आपल्या 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 13 मात्र वकील हा हक्क नाही, असं सांगतं. व्यवहारात परवानगी मिळते, पण परवानगी मागायला आधी कोर्टात बोलता यावं लागतं. 2022 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नाजूक स्थितीतल्या साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं उभारायला सांगितलं. त्या आदेशात कौटुंबिक न्यायालयांचाही उल्लेख आहे.

आणि इथे कॉर्नेलिया सोराबजींचं नाव आल्याशिवाय हा स्तंभ पुरा होत नाही, हे नेहमीचे वाचक जाणतात. नाशिकला 1866 मध्ये जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण, ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी पहिली स्त्री. 1904 पासून तिने बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी पडद्यातल्या विधवांचं आणि अल्पवयीन वारसांचं काम पाहिलं. कोर्टात येऊ न शकणाऱ्या बायका-मुलांकडे ती स्वतः जात असे, त्यांचं ऐकून घेत असे आणि ते सरकारदरबारी मांडत असे. हे सगळं तिला स्वतःला बॅरिस्टर होऊ देण्याच्या कितीतरी आधी. आपल्या विधी महाविद्यालयांनी तिचं नाव दालनांना द्यावं की नाही हा वेगळा प्रश्न, तिची कार्यपद्धती तरी शिकवावी.

पत्रलेखकांचा शेवटचा मुद्दा खर्चाचा आणि कायद्यात तरतूद नसल्याचा. दोन्ही चूक. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12: मूल असणं एवढंच मोफत वकिलासाठी पुरेसं आहे, बापाचं उत्पन्न विचारायचं नाही. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांच्या 1988 च्या नियमांतही मुलाच्या वतीने स्वतंत्र वकील नेमण्याचा आणि त्याच्या फीबद्दल आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. तो अधिकार ऐच्छिक आहे, अडचण तेवढीच. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 21 ने नियम करण्याची सत्ता उच्च न्यायालयाकडे आहे. ताब्यावरून वाद असेल, छळाचा किंवा फौजदारी खटल्याचा उल्लेख असेल, किंवा मूल पढवलेलं आहे असा आरोप कोणत्याही बाजूने झाला असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतून मुलासाठी वकील नेमलाच पाहिजे, एवढी एक दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने करावी. ज्या वकिलांनी गेल्या आठवड्यात पत्रं लिहिली, त्यांनी त्या यादीत आपलं नाव नोंदवावं.