स्वयंपाकघरांतील खण

चिरंजिवांच्या पुण्यांतील सदनिकेचें स्वयंपाकघर ८ फूट लांब, ७ फूट रुंद. तेथें मॉड्युलर कपाटें बसवावयाचीं ठरलीं, तेव्हां आम्हीं वडीलकीच्या अधिकारानें सुतारास बजाविलें कीं, ओट्याखालीं खण नकोत. दारें व फळ्याच असूं द्याव्या. खर्च कमी, जागा अधिक! हिशेब बिनचूक होता. परंतु तें कपाट सुमारें ५५ सेंटिमीटर खोल. मागला डबा हवा तर पुढले चार काढून जमिनीवर बसावें लागे, आणि आमच्या कुटुंबाचे गुडघे आतां तसले राहिले नाहींत. सहा महिन्यांनीं मागल्या रांगेंत पोरकिडे लागलेली तुरीची डाळ सांपडली.

"अहो, माप घेण्यापूर्वीं एकदां डबा तरी काढून पाहावयाचा होता," एवढेंच त्या म्हणाल्या.

मग पूर्ण बाहेर येणारे खण करविले. रुळांपायीं रुंदींत दोन-अडीच सेंटिमीटर जातात खरे. म्हणून दोन अरुंद खणांपेक्षां एक रुंद बरा. वरचा उथळ मसाल्यांस, तळचा खोल पातेल्यांस. भिंतीवरचीं कपाटें छतापर्यंत नेलीं; सोऱ्या, पुरणयंत्र तेथें. ही युक्ति जुनीच. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की ह्या वास्तुविशारद बाईंनीं १९२६ सालीं फ्रांकफुर्ट येथें सुमारें साडेसहा चौरस मीटरांचें स्वयंपाकघर योजिलें, त्यांत तांदूळ-साखरेसाठीं ओढून काढावयाचे, नांवें घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे डबे होते.

तांब्याचें घंगाळ मात्र कोठेंच मावेना. तें सध्यां आमच्या खाटेखालीं आहे.