ब्राह्मीची आरती पुरे, आता परीक्षा घ्या!

फेफरे आलेल्या पोराच्या नाकाला चप्पल लावणारा महाराष्ट्र सुधारला म्हणे! चप्पल गेली, तिच्या जागी ‘दुष्परिणाम नाही’ असे छापलेली पुडी आली. ती विकणारा आधी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करवतो. गोळ्या एकाएकी तोडल्या की झटक्यांवर झटके येऊन माणूस दगावू शकतो, याची फिकीर त्याला कशाला? अशा पुड्यांत फेनोबार्बिटोन सापडलेले आहे. म्हणजे १९१२ पासून वापरातले अ‍ॅलोपॅथीचेच औषध, मात्रा न सांगता! चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत अपस्मार नावानिशी आहे. तो कायदा काय लोणच्यासाठी मुरत घातला आहे?

मग फेफऱ्यावर दिल्या जाणाऱ्या ब्राह्मी, जटामांसी, मालकांगोणी या वनस्पती खोट्या? न तपासता तसे म्हणणे हीदेखील अंधश्रद्धाच. योग्य औषधांनी दहातले सातेक रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. उरलेल्या तिघांसाठी झाडेझुडपे धुंडाळलीच पाहिजेत. गांजाच्या झाडातले कॅनाबिडिऑल ड्रॅव्हे सिंड्रोम या अपस्माराच्या प्रकाराच्या १२० मुलामुलींवर व तरुणांवर तोलले गेले. औषध घेणाऱ्यांचे महिन्याचे झटके १२.४ वरून ५.९ वर आले. औषधाविना नुसते पातळ द्रावण घेणाऱ्यांचे १४.९ वरून १४.१. सुस्ती येते, यकृतावर ताण पडतो, हेही लपवले नाही. २०१८ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली.

आमच्याकडे? उंदराला अर्क पाजा, विजेचा झटका द्या, निबंध छापा, बढती घ्या. अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलात, त्यात कोणते द्रव्य किती, हे विचारणारा धर्मबुडवा!

फ्रान्समध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी खेला या वनस्पतीतल्या खेलिनपासून बनवलेली संयुगे तपासली जात होती. एकजात सगळी प्राण्यांचे झटके रोखू लागली. संशोधक हुरळले नाहीत. ज्या द्रावकात ती विरघळवली होती, तोच एकटा देऊन पाहिला, आणि गुण त्याचाच निघाला! १८८२ साली तयार झालेले, तोवर निव्वळ द्रावक म्हणून वापरलेले ते व्हॅल्प्रोइक आम्ल आज जगभर अपस्मारावर देतात. आमच्याकडे खेलाचे मंदिर उभे राहिले असते, आणि द्रावक मोरीत गेला असता.

सरकारी रुग्णालयांत, चालू गोळ्या न तोडता, रुग्णाच्या संमतीने ब्राह्मीची चाचणी घ्या. ती नापास झाली तर तोही निकाल छापा. पुडीवाल्यासाठी मात्र कसली चाचणी नको, समिती नको. त्याची पाटी हमरस्त्यावरून वाचता येते.