टाचदुखीवर इनसोल : खरंच उपयोग होतो, की नुसतीच जाहिरात?

मोबाइलवर एकदा ‘टाच दुखते, उपाय’ असं शोधून बघा. पुढचे आठ दिवस फेसबुक-इन्स्टावर इनसोलच्या जाहिराती पिच्छा सोडणार नाहीत. बुटात सरकवायची जेलची किंवा फोमची गादी. किंमत काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत, आणि दावा मात्र टाच, गुडघे, कंबर सगळंच बरं करण्याचा.

पण ही जाहिरात निफाड तालुक्यातल्या विंचूरमध्ये बसून पाहिली, तर वेगळाच प्रश्न पडतो. इथे लासलगाव बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार आहे. लिलावात, खळ्यावर, कांदाचाळीत दिवस दिवस उभं राहणारी माणसं पायात घालतात चप्पल नाहीतर स्लिपर. घरात फरशीवर तर अनवाणीच. मग हे इनसोल ठेवायचं कशात?

आधी दुखणं समजून घेऊ. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते आणि चार पावलं चाललं की थोडं बरं वाटतं, तर बहुतेक वेळा तो ‘प्लांटर फॅशिआयटिस’ असतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायात एक जाड पट्टा असतो, त्यावर ताण येतो. वाढलेलं वजन, सतत उभं राहणं, कडक जमीन, झिजलेली पातळ चप्पल ही नेहमीची कारणं. बऱ्याच जणांचं हे दुखणं काही महिन्यांत आपोआप कमी होतं. त्यामुळे तेवढ्या काळात जो काही उपाय केला, श्रेय त्यालाच जातं!

इनसोल अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 135 रुग्णांचे तीन गट केले. एकाला नावापुरता पातळ फोम दिला, दुसऱ्याला तयार इनसोल, तिसऱ्याला पायाचं माप घेऊन बनवलेलं. तीन महिन्यांनी खऱ्या इनसोलवाल्यांचं चालणं-फिरणं थोडं सुधारलं होतं. वर्षभरानंतर तिन्ही गट जवळपास सारखेच. आणि तयार इनसोल व महागडं कस्टम इनसोल यांत फरक दिसलाच नाही. 2018 मध्ये अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही या शेवटच्या मुद्द्यावर निष्कर्ष तोच निघाला. म्हणून मशीनवर उभं करून, लाल-निळे डाग दाखवून कुणी हजारो रुपये सांगितले तर थोडं थांबा. ते डाग पायावरचा दाब दाखवतात, आजार नाही.

स्वस्त उपाय जिन्याच्या पायरीवर आहे. 2015 च्या डेन्मार्कमधल्या एका छोट्या, 48 जणांच्या चाचणीत बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, दिवसाआड सावकाश टाचा वर-खाली करणाऱ्यांना तीन महिन्यांत जास्त आराम मिळाला. तुलना नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांशी होती. इनसोल दोन्ही गटांना दिलं होतं, म्हणजे फरक व्यायामाचा होता.

मुलाचा पाय सपाट दिसतो म्हणून घाबरलेल्या आईवडिलांसाठीही सांगायला हवं. दुखत नसेल आणि पाय लवचिक असेल, तर इनसोलने फारसा फरक पडत नाही, असं 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं.

मापाचाही घोळ आहेच. बाजारातली मापं ब्रिटिश किंवा अमेरिकन. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 दरम्यान लाखाहून जास्त भारतीयांचे पाय मोजले, तेव्हा ते तुलनेने रुंद निघाले. त्यातून ‘भा’ नावाची देशी मापपद्धत सुचवली गेली. कात्रीने कापून बसवायच्या इनसोलची लांबी जुळते, रुंदीचं काय?

जिथे तळव्याखालची गादी खरोखर पाय वाचवते, तो रुग्ण या जाहिरातींत क्वचितच दिसतो. तो म्हणजे मधुमेही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाची संवेदना जाते. खडा टोचला, पट्टा घासला, तरी कळत नाही. जखम चिघळते आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते. अशा पायासाठी दाब सगळीकडे वाटून देणारी पादत्राणं लागतात.

गंमत म्हणजे चपलेत गादी कशी बसवायची, याचं उत्तर आपल्याकडे कधीच शोधलं गेलंय. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी मायक्रोसेल्युलर रबर वापरलं. वेगळं इनसोल नाही, तळच मऊ रबराचा आणि मागे पट्टा. ‘एमसीआर चप्पल’ ती हीच. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात ती आजही मोफत दिली जाते.

साध्या टाचदुखीत आधी जाड, न दबणाऱ्या तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या आणि घरातही एक वेगळी ठेवा. बूट घालत असाल तर तयार इनसोल दोन-तीन महिने वापरून बघायला हरकत नाही. पण मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील, सूज किंवा जखम असेल, तर ऑनलाइन काहीच मागवू नका. डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. पादत्राणं बनवून घ्यायची वेळ आलीच, तर समोरचा ऑर्थोटिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे विचारा.