कोडीचे ॲड-ऑन : फुकट मालाची किंमत कोण मोजतो?

मोबाईल आणि टीव्ही दुरुस्तीच्या दुकानदारांपुढे अलीकडे एक नवे काम येऊ लागले आहे. गिऱ्हाईक टीव्हीला जोडावयाचा छोटा अँड्रॉइड डबा काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "भाई, यात कोडी टाकून द्या आणि सगळे ॲड-ऑनही टाका. सिनेमे, मॅच, सर्व फुकट दिसले पाहिजे." दुकानातील पोरगा अर्ध्या तासात काम उरकतो, मजुरी घेतो, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. वरवर पाहता यात वावगे काहीच दिसत नाही. परंतु या अर्ध्या तासात दुकानदाराने काय विकले आणि गिऱ्हाइकाने घरात काय नेले, याचा हिशेब दोघांनीही केलेला नसतो. तो हिशेब आज येथे मांडावा असे आम्हास वाटते.

प्रथम कोडी म्हणजे काय ते समजून घेऊ. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर चित्रफिती पाहता याव्यात म्हणून काही हौशी प्रोग्रामरांनी एक प्रोग्राम लिहावयास घेतला. त्यातूनच पुढे एक्सबीएमसी उभे राहिले आणि २०१४ मध्ये त्याचे नाव कोडी असे ठेवण्यात आले. आज तो संगणक, मोबाईल आणि टीव्हीच्या डब्यावर चालतो. तो मोफत आहे, त्याचा कोड कोणालाही पाहता येतो आणि त्यामागे नफा न कमावणारी संस्था आहे. ही गोष्ट कायदेशीर आहे, याबद्दल शंका नको. मात्र कोडी स्वतः एकही सिनेमा, गाणे किंवा चॅनेल देत नाही. ते रिकामे कपाट आहे. त्यात माल आपण भरावयाचा असतो.

हा माल दोन मार्गांनी भरतो. एक, आपल्याजवळच्या फाइली : घरातील लग्नाची चित्रफीत, मुलांचे फोटो, विकत घेतलेली गाणी. दुसरा मार्ग ॲड-ऑनचा. ॲड-ऑन म्हणजे कोडीला जोडलेला छोटा प्रोग्राम. कोणी हवामान दाखवितो, कोणी पडद्याचे रूप बदलतो, कोणी उपशीर्षके आणतो, कोणी एखाद्या संकेतस्थळावरील चित्रफिती टीव्हीवर आणून देतो. हे ॲड-ऑन जेथे साठवलेले असतात त्या कोठाराला रिपॉझिटरी म्हणतात. कोडीची स्वतःची अधिकृत रिपॉझिटरी प्रोग्रामसोबतच येते. तीत ॲड-ऑन घेण्यापूर्वी तो तपासला जातो, त्याचा कोड खुला असावा लागतो आणि चोरीचा माल दाखविणाऱ्या ॲड-ऑनला तेथे जागा नाही. याउलट बाहेरची रिपॉझिटरी कोणीही उभारू शकतो. तिला नाव असते, चिन्ह असते, पण मालक कोण ते बहुधा ठाऊक नसते.

सगळा घोटाळा येथेच होतो. "सर्व फुकट" दाखविणारे ॲड-ऑन हे बाहेरचे असतात, पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही त्यालाच "कोडी" म्हणतात. कोडी चालविणाऱ्यांनी स्वतः अशा भरलेल्या डब्यांच्या विक्रेत्यांविरुद्ध वारंवार जाहीर भूमिका घेतली आहे, कारण बदनामी त्यांच्या नावाची होते.

आता कायद्याचे पाहू. नेदरलँड्समधील एक व्यापारी असेच डबे विकत असे. त्यात बाहेरचे ॲड-ऑन आधीच भरलेले असत. त्याचे म्हणणे असे की, मी तर फक्त यंत्र विकतो, सिनेमा माझ्याकडे नाही. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले. २६ एप्रिल २०१७ रोजी न्यायालयाने हा बचाव फेटाळला. चोरीच्या मालाकडे नेणारे ॲड-ऑन जाणूनबुजून भरून डबा विकणे हाही स्वामित्वहक्काचा भंगच होय, असा निर्णय दिला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मिडल्सब्रो येथील एका दुकानदाराला असे डबे विकल्याबद्दल १८ महिन्यांची स्थगित कैद झाली. तो काही मोठा तस्कर नव्हता. तुमच्या-आमच्यासारखाच दुकान थाटून बसलेला माणूस होता.

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याचे कलम ६३ सांगते की, जाणूनबुजून स्वामित्वहक्काचा भंग करणाऱ्यास किंवा त्यास साहाय्य करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. "साहाय्य करणारा" हे शब्द दुकानदाराने नीट वाचावेत. याच कलमात पुढे असेही आहे की, भंग धंद्यातील फायद्यासाठी केलेला नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. म्हणजे घरी बसून पाहणाऱ्यासाठी सवलतीची एक खिडकी आहे, पण मजुरी घेऊन भरून देणाऱ्यासाठी ती बंद आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचेही स्पष्ट केले. दोन-तीनशे रुपयांच्या मजुरीसाठी एवढी जोखीम कोणता शहाणा व्यापारी पत्करील?

काही जण म्हणतील, कायदा दूर आहे, आमच्या गल्लीत कोण येतो? त्यांच्यासाठी दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. ती आहे सुरक्षिततेची.

कोडीचे बहुतेक ॲड-ऑन पायथन या भाषेत लिहिलेले असतात आणि ते कोडीच्याच अधिकाराने चालतात. त्यांना अडविणारी वेगळी भिंत नसते. कोडीला डब्यातील जे वाचता येते, ते ॲड-ऑनलाही वाचता येते. म्हणूनच "अननोन सोर्सेस" ही सोय कोडीमध्ये मुळात बंद ठेवलेली असते. ती चालू करताना पडद्यावर इशारा येतो की, ॲड-ऑनला या यंत्रातील खासगी माहितीपर्यंत पोहोचता येईल आणि होणाऱ्या नुकसानीस तुम्ही स्वतः जबाबदार राहाल. आपल्याकडे हा इशारा दुकानातील पोरगा वाचत नाही आणि गिऱ्हाइकाला तो दाखविला जात नाही.

हे भय काल्पनिक नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने एक प्रकरण उघडकीस आणले. कोडीच्या बाहेरच्या काही रिपॉझिटरींतून लोकांच्या संगणकांत एक प्रोग्राम शिरला होता. तो गुपचूप मोनेरो हे आभासी चलन मिळविण्याचे काम करी. वीज जळे मालकाची आणि कमाई जाई तिऱ्हाइताकडे. विंडोज आणि लिनक्सवर चालणारे ४,७०० हून अधिक संगणक त्यात सापडल्याचा अंदाज होता. त्याची युक्ती व्यापाऱ्याने समजून घेण्याजोगी आहे. अनेक ॲड-ऑनना लागणारा एक साधा, सरळ साहाय्यक प्रोग्राम चोरांनी उचलला, त्यात आपला कोड घातला आणि त्याला अधिकृत प्रतीपेक्षा वरचा क्रमांक दिला. कोडीला वाटले नवी आवृत्ती आली. त्याने आपणहून ती उतरवून घेतली. म्हणजे नामांकित मालाच्या वेष्टनात बनावट माल भरून, वर "नवा साठा" असा शिक्का मारण्यासारखेच हे झाले. पुढे २०२१ च्या १९ व्या आवृत्तीपासून कोडीने यावर उपाय केला. अधिकृत ॲड-ऑनची सुधारित प्रत केवळ अधिकृत कोठारातूनच घ्यावी, ही सोय आता मुळातच लावलेली असते. ती कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नये.

त्याआधी २०१७ च्या मे महिन्यात चेक पॉइंट या कंपनीने दाखवून दिले होते की, खोडसाळपणे बनविलेल्या उपशीर्षकांच्या फाइलीतूनही यंत्राचा ताबा घेता येतो. कोडीसह अनेक प्लेअरमध्ये ही उणीव होती. कोडीने तातडीने सुधारित आवृत्ती काढली. पण ज्याच्या डब्यात जुनीच आवृत्ती राहिली, त्याला त्याचा काय उपयोग? आणि ज्या टीव्हीच्या डब्यात घरातील माणसांचे गूगल खाते उघडे असते, त्याच वायफायवर घरचा मोबाईल आणि त्यातील बँकेचा व्यवहारही असतो, हे विसरून चालणार नाही.

मग ॲड-ऑन घ्यावेच नयेत काय? असे आमचे म्हणणे नाही. निवडून घ्यावेत. त्यासाठी चार-पाच साध्या कसोट्या आहेत.

पहिली, आधी अधिकृत रिपॉझिटरीत पाहावे. यूट्यूबसाठीचा ॲड-ऑन तेथे मिळतो. त्यासाठी गूगलकडून आपल्या नावाची एपीआय की काढावी लागते, तेवढे कष्ट घ्यावेत. हवामान, रेडिओ, उपशीर्षके यांचीही सोय तेथे आहे.

दुसरी, बाहेरचा ॲड-ऑन घ्यावयाचाच असेल तर देणारा कोण ते पाहावे. बाहेरचे सर्वच वाईट असते असे नाही. उदाहरणार्थ, घरातील चित्रफितींसाठी जेलीफिन नावाचा खुला प्रकल्प आहे आणि तो आपला कोडी ॲड-ऑन स्वतःच्याच रिपॉझिटरीतून देतो. तेथे देणारा उघड आहे, कोड उघड आहे, हेतू उघड आहे. ज्याला आपले नाव सांगता येत नाही, त्याचा माल आपण दुकानात ठेवू काय?

तिसरी, मोफत देण्याचा हक्क त्याला आहे काय ते विचारावे. या आठवड्यात चित्रपटगृहात लागलेला सिनेमा किंवा पैसे भरून पाहावयाची मॅच कोणी फुकट देत असेल, तर तो माल त्याचा नाही, हे कळावयास वकील लागत नाही.

चौथी, "बिल्ड" नावाची तयार गाठोडी टाळावीत. त्यांत दहा-वीस अनोळखी ॲड-ऑन आणि रिपॉझिटरी एकदम येतात. यांपैकी एकाही रिपॉझिटरीचा मालक काम सोडून गेला आणि तिचा पत्ता दुसऱ्याच्या हाती पडला, तर तुमचा डबा त्या दुसऱ्याचा हुकूम मानू लागतो.

पाचवी, कोडी आणि ॲड-ऑन दोन्ही अद्ययावत ठेवावेत, न वापरलेले काढून टाकावेत आणि मालकाचे नाव ठाऊक नसलेल्या ॲड-ऑनमध्ये कोणताही पासवर्ड लिहू नये.

येथे व्हीपीएनबद्दलही बोलले पाहिजे, कारण "व्हीपीएन लावा, मग काही भीती नाही" असे सर्रास सांगितले जाते. व्हीपीएन रस्ता झाकते, गाडीतील माल तपासत नाही. घातकी ॲड-ऑन घरात शिरला असेल तर व्हीपीएनमुळे तो बाहेर जात नाही. आणि चोरीचा माल झाकून नेल्याने हक्काचा होत नाही.

दुकानदार बंधूंचा एक सवाल आम्हास ठाऊक आहे. "आम्ही नाही केले तर शेजारचा करील. गिऱ्हाईक तुटेल, त्याचे काय?" हा सवाल आम्ही हलका मानत नाही. छोट्या दुकानाचे भाडे, विजेचे बिल, पोराचा पगार हे सारे गिऱ्हाइकावरच चालते. परंतु असा भरलेला डबा दोन-तीन महिन्यांत बंद पडतो, कारण चोरीचे स्रोत सतत बंद होत असतात. मग तेच गिऱ्हाईक तक्रार घेऊन तुमच्याच काउंटरवर येते. ज्याने ॲड-ऑन लिहिला तो सापडत नाही. सापडता तुम्ही. माल दुसऱ्याचा आणि जबाबदारी तुमची, असा हा सौदा आहे.

यापेक्षा सरळ काम याच कौशल्यात आहे. लोकांच्या घरी लग्नाच्या जुन्या कॅसेटी आणि सीडी पडून आहेत. त्या फाइलींत उतरवून, कोडीमध्ये नावानिशी लावून देता येतात. आई-वडिलांचे जुने फोटो टीव्हीवर दिसू लागले की गिऱ्हाईक मजुरीवरून घासाघीस करीत नाही. अधिकृत ॲड-ऑन बसवून देणे, आवृत्ती अद्ययावत करणे, मुलांसाठी कुलूप लावून देणे, वर्षातून दोनदा डबा तपासणे, यांचीही मजुरी घेता येते आणि पावतीवर निःशंकपणे लिहिता येते. आमच्या मते हीच कसोटी पुरेशी आहे. जे काम पावतीवर लिहावयास संकोच वाटतो, ते काम घेऊ नये.

गिऱ्हाइकानेही आपला वाटा उचलावा. दुकानदाराकडे "सगळे टाकून द्या" असे म्हणण्याऐवजी "काय टाकले ते लिहून द्या" असे म्हणावे. घरी आल्यावर "अननोन सोर्सेस" बंद आहे ना, ते पाहावे. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

दुकान चालते ते गिऱ्हाइकाच्या भरवशावर. तो आपला डबा, त्यातील खाते आणि एका अर्थी आपले घर दुकानदाराच्या हाती सोपवून जातो. ती ठेव आहे. ठेव सांभाळून परत करणाऱ्याचे दुकान उशिरा का होईना, पण उभे राहते.